एकट्याची कयाक आणि गार पाणी

कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यात युकॉन नावाची नदी आहे. सुमारे ३,१९० किलोमीटर वाहून, अलास्का ओलांडून ती बेरिंग समुद्राला मिळते. तिच्या वरच्या अंगाला व्हाइटहॉर्स ते डॉसन सिटी हा सुमारे ७१५ किलोमीटरचा पट्टा कयाक आणि कनू वल्हवणाऱ्यांना फार प्रिय आहे. १८९६ मध्ये डॉसनजवळच्या क्लोंडाइक भागात सोने सापडले आणि त्यानंतर हजारो माणसे हाताने ठोकलेल्या होड्या घेऊन याच पाण्यातून गेली. आता लोक हौसेने जातात. तंबू, शिधा, स्टोव्ह कयाकच्या पोटात भरायचा, दिवसभर वल्हवायचे आणि संध्याकाळी नदीकाठी मुक्काम करायचा. रमतगमत गेले तर दहा ते चौदा दिवस लागतात. १९९९ मध्ये सुरू झालेली ‘युकॉन रिव्हर क्वेस्ट’ ही शर्यत याच मार्गावर होते आणि तिच्यातले आघाडीचे स्पर्धक हेच अंतर दोन दिवसांच्या आसपास कापतात.

यातले काही जण एकटेच निघतात. वाटेत वस्तीचे गाव म्हणावे असे एकच, कारमॅक्स. बाकी जंगल, अस्वले, डास आणि नदी. मोबाइलला रेंज नाही. अशा माणसाला घरचे लोक पहिला प्रश्न अस्वलाचा विचारतात आणि दुसरा खळाळांचा. अस्वलांवर साधे उपाय आहेत: तंबूपासून लांब स्वयंपाक करणे, खाणे घट्ट झाकणाच्या डब्यात दूर ठेवणे. खळाळांचे म्हणाल, तर कारमॅक्सच्या पुढे ‘फाइव्ह फिंगर रॅपिड्स’ नावाची प्रसिद्ध जागा आहे. चार खडकाळ बेटांमुळे तिथे नदीच्या पाच धारा होतात. सगळ्यात उजवीकडची धार पकडली की दोन-चार मिनिटांत माणूस पलीकडे. शिवाय तिथे प्रत्येक जण सावध असतो. लाइफ जॅकेट आवळलेले, सामान बांधलेले, डोळे पाण्यावर.

खरी काळजीची जागा त्याच्या आधीच येऊन गेलेली असते आणि ती दिसायला अतिशय शांत आहे. व्हाइटहॉर्सहून निघाल्यावर पहिल्या-दुसऱ्या दिवशी नदी लबार्ज नावाच्या सरोवरात शिरते. हे सरोवर सुमारे ५० किलोमीटर लांब आणि काही ठिकाणी ५ किलोमीटर रुंद आहे. प्रवाह जवळजवळ नाही. मे महिना संपेपर्यंत त्यावर बर्फ असू शकतो, त्यामुळे जूनच्या लख्ख उन्हात हवा वीस अंशांवर गेली तरी पाणी जेमतेम काही अंशांवर असते. वल्हवून घाम आलेला माणूस अंगातले जाड कपडे काढून ठेवतो. किनारा धरून जायचे तर प्रत्येक खाडीला वळसा पडतो. मग मनात येते, की या टोकावरून थेट त्या टोकाला गेलो तर तासभर वाचेल. आणि दुपारी वारा उठतो.

कयाक उलटली तर पुढे काय होते, यावर कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्त यांनी आयुष्यभर काम केले आहे. संशोधनासाठी त्यांनी स्वतःच्या शरीराचे तापमान तीसहून अधिक वेळा ३५ अंशांखाली उतरवले; लोक त्यांना गमतीने ‘प्रोफेसर पॉप्सिकल’ म्हणतात. त्यांनी लोकांच्या लक्षात राहावे म्हणून एक सूत्र दिले: एक, दहा, एक. एक मिनिट, दहा मिनिटे, एक तास.

पहिले मिनिट श्वासाचे. गार पाणी अंगाला लागताच त्वचेतली थंडी ओळखणारी चेतातंतूंची टोके एकदम पेटून उठतात आणि माणूस आपोआप मोठा श्वास ओढतो. तो थांबवणे हातात नसते. एका दमात लिटरभराहून अधिक हवा आत जाते. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी जाते. कयाकमध्ये कमरेभोवती पाणी अडवणारा पडदा आवळलेला असतो, म्हणजे नाव उलटली की डोके खाली आणि पाय वर. पुढची दोन-तीन मिनिटे धाप लागते, नाडी आणि रक्तदाब एकदम वाढतात. हृदयाचा जुना त्रास असेल तर हा ताण जिवावर बेतू शकतो. पाण्यात पडून मेलेल्या माणसाबद्दल ‘थंडीने गेला’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात शरीर गार पडायला वेळच मिळालेला नसतो. पुष्कळ जण या पहिल्या काही मिनिटांतच बुडतात.

म्हणून इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठाचे माइक टिप्टन सांगतात, की पडल्यावर लगेच पोहू नका, आधी तरंगा. धाप ओसरू द्या. त्यांच्याच क्षेत्रातला एक उपयोगी शोध असा, की गार पाण्यात दोन-तीन मिनिटांची पाच-सहा आवर्तने केली तरी हा धक्का जवळपास निम्म्यावर येतो आणि ही सवय काही महिने टिकते. शरीराला थंडी कमी लागते असे नाही; पण ते कमी दचकते. ऋषिकेशला राफ्टिंग करताना गंगेत उडी मारलेल्या मराठी पर्यटकांना हा दचका ठाऊक असेल. तिथे आजूबाजूला चार जण आणि एक गाइड असतो, एवढाच काय तो फरक.

दुसरा आकडा दहा मिनिटांचा. एकट्या माणसासाठी सगळ्यात महत्त्वाचा हाच. श्वास ताळ्यावर आला, डोके चालते आहे, शरीराच्या गाभ्याचे तापमान अजून नेहमीसारखे आहे. पण हातांचे स्नायू आणि नसा त्वचेच्या लगेच खाली असल्यामुळे त्या झपाट्याने गार पडतात. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता काढून घेते. बोटे वळेनाशी होतात, मूठ आवळत नाही, चेन ओढता येत नाही. पट्टीचा पोहणारासुद्धा काही मिनिटांत हातपाय मारू शकत नाही. अंगात लाइफ जॅकेट नसेल तर इथेच कारभार आटोपतो, हायपोथर्मियाची पाळी येतच नाही.

या दहा मिनिटांत त्याला नावेत परत चढायचे असते. त्यासाठी वल्ह्याच्या एका टोकाला फुगवायची पिशवी चढवतात, वल्हे नावेवर आडवे ठेवून त्याचा तरंगता टेकू करतात आणि त्यावर पाय टाकून मागून चढतात. तलावात, कोमट पाण्यात, मित्र बघत असताना हे दोन मिनिटांत जमते. गार पाण्यात, लाटांवर, सामानाने भरलेल्या नावेवर त्याला किती वेळ लागतो, हे आधी करून पाहिलेले असावे. पिशवी हाताशी बांधलेली हवी. सामानाच्या कप्प्यात तळाशी ठेवलेली पिशवी नसल्यासारखीच. आणि कपडे हवेच्या नव्हे, पाण्याच्या तापमानाप्रमाणे घालायचे. ड्राय सूट किंवा वेट सूट घालून उन्हात वल्हवताना जीव उकडतो. उकडले तर हात पाण्यात बुडवावेत, टोपी भिजवावी, पण सूट काढू नये.

तिसरा आकडा एक तासाचा. गोठायच्या बेतात आलेल्या पाण्यातसुद्धा साधारण प्रकृतीचा प्रौढ माणूस थंडीने बेशुद्ध व्हायला जवळपास तास लागतो. हा दिलासा आहे, पण ज्याने पहिली मिनिटे निभावली त्याच्यासाठी.

हायपोथर्मियाला मात्र पाण्यात पडावेच लागते असे नाही. दिवसभर पाऊस, भिजलेले कपडे, समोरचा वारा आणि पोटात काही नाही, एवढ्यावरही गाभ्याचे तापमान ३५ अंशांखाली येऊ शकते. शरीर आधी कुडकुडून उष्णता तयार करते. जोरदार हुडहुडी विश्रांतीच्या पाचपट उष्णता देऊ शकते. पण तिला साखर लागते, म्हणून उपाशी माणूस लवकर गारठतो. त्याच सुमारास माणूस ठेचकाळू लागतो, जीभ जड होते, हातातल्या वस्तू पडतात, विनाकारण चिडचिड होते. हिमालयात ट्रेकला जाणाऱ्यांना हे शिकवलेले असते: या खुणा जोडीदारात शोधा. कारण ज्याला त्या होतात त्याला त्या कळत नाहीत. त्याला वाटते, आपण ठीक आहोत, फक्त थोडे दमलो आहोत. तापमान आणखी उतरले की हुडहुडी थांबते, आणि माणसाला उलट बरे वाटू लागते.

एकट्याच्या प्रवासातली अडचण नेमकी इथे आहे. ताकद दोघांइतकी नसते हे उघडच आहे. त्याहून मोठी उणीव ही, की त्याच्याकडे बघणारे कोणी नसते. थंडी, झोप, भूक आणि तहान या चारही गोष्टी शरीराबरोबर पारखही बिघडवतात. म्हणजे ज्या यंत्राने बिघाड ओळखायचा तेच आधी बिघडते.

झोपेचेच घ्या. युकॉनच्या खोऱ्यात जून-जुलैत रात्र अशी होतच नाही. सूर्य थोडा वेळ क्षितिजाखाली जातो, पण उजेड राहतो. अंधार पडला की मेंदूत मेलॅटोनिन स्रवू लागते आणि झोपेची सूचना मिळते. इथे ती सूचना नीट येतच नाही. रात्री दहाला पाणी सोनेरी दिसते, वारा पडलेला असतो, ‘अजून दोन तास जाऊ’ असे वाटते. ऑस्ट्रेलियातले ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटा पण गाजलेला प्रयोग मांडला. (डॉसन हे आडनाव आणि गावाचे नाव सारखे असणे हा निव्वळ योगायोग.) सलग १७ तास जागा असलेला माणूस हाता-डोळ्यांच्या कामात रक्तात ०.०५ टक्के दारू असल्याइतका चुकतो, २४ तासांनी ०.१० टक्के असल्याइतका. भारतात वाहन चालवताना मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सातला उठून मध्यरात्री वल्हवणारा माणूस एक थेंबही न घेता ती ओलांडून गेलेला असतो.

दुसरा अभ्यास अधिक बोचरा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही जणांना सलग चौदा दिवस रोज सहाच तास झोपू दिले. पंधरवड्याच्या शेवटी त्यांचे लक्ष आणि प्रतिसाद सबंध रात्र जागलेल्या माणसाइतके घसरले होते. पण त्यांना स्वतःला विचारले, तर ते म्हणत की थोडीशीच झोप येते आहे. चौदा दिवस, म्हणजे व्हाइटहॉर्स ते डॉसनचा निवांत प्रवास. शर्यतीतल्या स्पर्धकांचे तर याहून पुढे जाते. दुसऱ्या रात्री किनाऱ्यावरच्या कड्यांत चेहरे दिसणे, झाडांत माणसे उभी असणे, असे भास त्यांच्यात इतके नेहमीचे आहेत की ते एकमेकांना ते गमतीने सांगतात.

तहानेचेही असेच. थंडीत त्वचेकडचे रक्त आत ढकलले जाते, शरीराला वाटते की आत पाणी जास्त झाले आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. त्याच वेळी तहान कमी लागते. लघवीसाठी दर वेळी किनारा गाठून सूट उतरवण्याचा कंटाळा म्हणून माणूस आणखी कमी पितो. मग डोके दुखते, आणि ते उन्हाने दुखते आहे असे वाटते. सत्तर किलोच्या माणसाला सहा तास मध्यम गतीने वल्हवायला सुमारे दोन हजार शंभर कॅलरी लागतात, दिवसाची गरज साडेतीन-चार हजारांवर जाते. एका जेवणात ती भरून निघत नाही. दर तासाला काहीतरी तोंडात टाकावे लागते. आपल्याकडचा दाण्याचा लाडू किंवा चिक्की या कामाला उत्तम. ओली होत नाही, गारठलेल्या हातानेही खाता येते.

हाताची कथा वेगळी. नवख्याला वाटते वल्हवणे दंडाचे काम आहे. खरे तर ते धडाचे काम आहे: ज्या बाजूला वल्हे टाकायचे त्या बाजूचा पाय नावेतल्या टेकूवर दाबायचा, कमरेपासून वळायचे आणि हात जवळजवळ सरळ ठेवायचे. पाठीचे आणि पोटाचे मोठे स्नायू दिवसभर पुरतात, दंडाचे पुरत नाहीत. मिनिटाला ५० वल्हे धरली तर तासाला ३,०००, सहा तासांत १८,००० आणि बारा दिवसांत दोन लाखांच्या वर. दर वल्ह्याला मनगट थोडे मागे वाकत असेल आणि मूठ गरजेपेक्षा घट्ट असेल, तर मनगट उचलणाऱ्या स्नायूंच्या कंडरा आपल्या आवरणात घासत राहतात आणि सुजतात. मनगटाच्या वरच्या बाजूला बोट ठेवून हात हलवला तर आत करकर जाणवते. यालाच टेनोसायनोव्हायटिस म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या लांब पल्ल्याच्या चार शर्यतींत भाग घेतलेल्या स्पर्धकांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्येक शर्यतीत सरासरी २३ टक्के लोकांना हा त्रास झाला. नावेचा प्रकार, वल्ह्याच्या पात्याचा कोन यांनी विशेष फरक पडला नाही. फरक पडला तो सरावाने. आधीचे आठ आठवडे दर आठवड्याला शंभर किलोमीटरहून अधिक वल्हवलेल्यांत त्रास बराच कमी होता. म्हणजे महागडे वल्हे घेण्यापेक्षा दोन महिने आधी सुरुवात करणे स्वस्त.

दोघांच्या नावेत मनगट सुजले तर दुसरा वल्हवतो. एकट्याला थांबणे एवढाच उपचार. बर्फासारखे पाणी शेकायला हाताशी असते ही एक सोय, आणि सामानात दोन जादा दिवसांचा शिधा ठेवलेला असेल तर ती दुसरी.

मग एकट्याने जाऊच नये का? अनुभवी लोक जातात आणि नीट परत येतात. त्यांचे बारकाईने पाहिले तर एक गोष्ट दिसते. ते नदीवर फारसे निर्णय घेत नाहीत. निर्णय घरीच, पोट भरलेले आणि झोप झालेली असताना घेऊन ठेवलेले असतात. लबार्ज पहाटे ओलांडायचे, किनाऱ्यापासून पोहता येईल इतक्या अंतरात राहून. लाटांना पांढरा फेस दिसला की उतरायचे, वाद नाही. उजेड असो वा नसो, संध्याकाळी ठरलेल्या वेळी नाव वर ओढायची. खाणे घड्याळाप्रमाणे, भुकेप्रमाणे नाही. हुडहुडी भरली की लगेच किनारा, कोरडे कपडे, स्लीपिंग बॅग, गरम गोड पेय; ‘पुढच्या वळणावर बघू’ नाही. अंग चोळायचे नाही, दारू घ्यायची नाही. दारूने त्वचेकडे रक्त येऊन ऊब वाटते आणि आतली उष्णता निघून जाते. रोज ठरल्या वेळी उपग्रहावरून चालणाऱ्या छोट्या यंत्राने घरी ‘ठीक आहे’ असा संदेश पाठवायचा, आणि तो आला नाही तर कोणाला, किती तासांनी फोन करायचा हे घरच्यांना लिहून दिलेले असते. मदतीचे बटण असलेले हे यंत्र लाइफ जॅकेटच्या खिशात ठेवतात, नावेत नाही. नाव वाऱ्याने माणसाच्या आधी निघून जाऊ शकते.

फाइव्ह फिंगरच्या पुढे नदी रुंद होते आणि फोर्ट सेलकर्कच्या जुन्या लाकडी घरांपाशी पेली नदी येऊन मिळते. त्याच्याही खाली व्हाइट नदी येते. ती हिमनद्यांचा गाळ आणि ज्वालामुखीची राख घेऊन येते, त्यामुळे इथून पुढे युकॉनचे पाणी दुधाळ होते आणि गाळाचे कण नावेच्या तळाला घासून सतत सर्रर आवाज येत राहतो. हे पाणी फिल्टरमध्ये घातले तर तो चोंदतो. रात्री बादलीत निवळायला ठेवावे किंवा बाजूच्या ओढ्याचे भरून घ्यावे.

ओढ्याचे पाणी काचेसारखे स्वच्छ असते, आणि शेवटच्या दिवसांत घोटभर तसेच प्यायचा मोह होतो. बीव्हरसारख्या प्राण्यांच्या विष्ठेतून त्यात जिआर्डिया नावाचा एकपेशीय परजीवी उतरलेला असू शकतो. क्लोरीनच्या गोळ्यांना तो सहजी दाद देत नाही. पाणी खळखळून एक मिनिट उकळले तर मरतो, एक मायक्रॉनच्या फिल्टरमध्ये अडतो. लागण झाल्यावर लक्षणे दिसायला साधारण एक ते दोन आठवडे जातात. म्हणजे माणूस डॉसनला पोचलेला असतो, विमानाने घरी आलेला असतो, फोटो दाखवून झालेले असतात, आणि मग पोट फुगू लागते, तेलकट, दुर्गंधी जुलाब होतात, वजन उतरते. आपल्याकडेही हा परजीवी आहे आणि त्यावर नेमकी औषधे मिळतात. डॉक्टरांकडे जाताना गेल्या महिन्यात कोणत्या नदीचे पाणी प्यालो, हे आठवणीने सांगावे. न विचारता.